अकरावा कागद

हातातल्या पेनाचे टोपण मॅडम आधी नीट घट्ट बसवायच्या. मग पेन उलटे धरून माझ्या संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कडेवर दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "पाठवलं ते दिसतंय, सर. पोचलं कुठं, ते दाखवा."

पडद्यावर डावीकडून उजवीकडे काळ सरकत असे. डावीकडे पाठवलेले दिसायचे, उजवीकडे पोचलेले. माझी नजर स्वभावाने डावीकडे जायची, कारण पाठवण्याची यंत्रणा मी रचलेली होती. त्यांची खुर्ची माझ्या उजव्या हाताला होती, आणि त्यांना त्या उजव्या कडेपलीकडे कशातच रस नव्हता.

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. घराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरल्यावर परत जाऊन ते ओढून बघणारी. आपण त्यांना संशयी म्हणतो. मीही म्हणत असे. आज मला वाटते की संशय त्यांना नव्हताच. ज्या गोष्टीची खात्री केलेली नाही तिला 'झाली' म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे, एवढेच.

दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची वीसेक माणसांची कंपनी होती. खाली पत्रा कापणारे प्रेस दिवसभर धपधपत असत आणि प्रत्येक ठोक्याला आमच्या टेबलांवरचा चहा थरथरत असे. संगणकांना धूळ लागू नये म्हणून खिडक्या कायमच्या बंद करून टाकल्या होत्या. बाहेर ऊन आहे की आभाळ आले आहे, हे आम्हाला जेवणाच्या सुट्टीत जिना उतरल्यावर कळे.

आम्ही परदेशातल्या एका ग्राहकासाठी चिपमधला एक भाग आखत होतो. एका चिपकडून दुसरीकडे माहिती अतिशय वेगाने नेणारा. ही माहिती तुकड्यातुकड्याने जाते. त्या प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणतात. घेणारा दमला की तो 'थांब' असा इशारा देतो. देणाऱ्याने थांबायचे, आणि थांबताना एक कणही सांडू द्यायचा नाही. थांबलेली पॅकेटे ज्या रांगेत उभी राहतात, ती रांग मी स्वतः रचली होती, आणि तिचा मला अभिमान होता. चिप एकदा घडली की तिच्यावर खोडरबर चालत नाही. म्हणून ती घडण्याआधी संगणकात तिची नक्कल उभी करून तिच्यात लाखो खोटी पॅकेटे सोडून बघावी लागतात. ते काम त्यांच्याकडे होते. मी विश्वास ठेवण्याजोगे काही रचायचे आणि त्यांनी त्यावर अविश्वास दाखवायचा, अशी आमची वाटणी होती.

त्यांचे घर मखमलाबादच्या बाजूला. घरची फुलशेती. सकाळी त्या स्कूटीवरून यायच्या तेव्हा चाकांना मळ्यातली काळी माती असायची आणि पायाशी बहुधा कोथिंबिरीच्या दोन-तीन जुड्या. त्या जुड्या ऑफिसात वाटल्या जात. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी थांबून विचारायच्या, "घरी पोचली का, सर, की डिकीतच वाळली?" ती बहुतेक वेळा डिकीतच वाळलेली असे. मी हसून वेळ मारून नेत असे.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या कामात कायमची शिरली. झेंडूच्या करंड्या मुंबईच्या गाडीत चढवण्याआधी त्यांची आई प्रत्येक करंडीच्या तळाशी पांढऱ्या शेवंतीचे एक फूल ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिकडच्या व्यापाऱ्याला विचारायचे, पांढरं फूल निघालं का? निघाले म्हणजे करंडी तळापर्यंत आपलीच पोचली. वाटेत कुणी उपसून पुन्हा हलकी भरलेली नाही. त्यांनी आमच्या प्रत्येक पॅकेटाच्या अगदी शेवटी तशीच एक खूण ठेवली. पलीकडे ती खूण निघाली तरच पॅकेट पोचले असे त्या मानीत. बघता बघता आम्ही सगळेच त्या खुणेला शेवंती म्हणू लागलो. "आज शेवंत्या सगळ्या आल्या का?" हा आमच्या सकाळचा पहिला प्रश्न झाला.

आमच्यात एक बोलका सहकारी होता. त्याचे लग्न ठरले तेव्हा पत्रिका देताना तो त्यांना म्हणाला, "मॅडम, तुम्ही या, पण अक्षता मोजत बसू नका."

"मोजणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यापर्यंत पोचतात का तेवढं बघेन. तुमच्या मित्रांचा नेम बघता निम्म्या भटजींनाच लागतील."

आता कपाटाबद्दल सांगितले पाहिजे. त्या काळी आमच्यासारख्या कंपन्यांत तीन वर्षांचा बाँड असे. माणसाने मध्येच सोडून जाऊ नये म्हणून रुजू होताना त्याची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेत. माझ्या केबिनमध्ये एक लोखंडी कपाट होते, त्यात सगळ्यांची पाकिटे होती, आणि किल्ली माझ्या खिशात असे. माझे स्वतःचे पाकीटही कधी काळी त्याच कपाटात होते. ते परत मिळाले तोवर मला कुठे जायचे होते, हेच मी विसरून गेलो होतो. म्हणून असेल, पण इतरांची पाकिटे आत ठेवताना मला काही गैर वाटले नाही.

त्या रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी आपल्या कागदांची एक यादी हाताने लिहून आणली होती. दहावी, बारावी, आठ सत्रांची गुणपत्रके, आणि अकरावे पदवीचे प्रमाणपत्र. यादी दोन प्रतींत होती. "सर, मिळाली म्हणून सही द्या." अशी सही आजवर कुणी मागितली नव्हती. मी हसलो, कागद न मोजताच सही केली आणि पाकीट कपाटात टाकले. त्यांनी आपली प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली.

त्यांच्या बाँडचे पाचेक महिने उरले असताना दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या.

पहिली त्यांच्या बाजूची. शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांना शिकवायला बोलावले होते. त्यांची फार जुनी इच्छा होती ती. मुलाखत झाली होती, निवडही झाली होती. येत्या सोमवारी मूळ प्रमाणपत्रे दाखवून रुजू व्हायचे होते. त्यांनी हे मला सरळ सांगितले. आमचे काम त्या शुक्रवारी ग्राहकाकडे जाणारच होते, त्यानंतर सोडाल का, एवढेच विचारले. मी बघतो म्हणालो.

दुसरी माझ्या बाजूची. रविवारभर संगणकांवर चाललेल्या हजारो चाचण्यांपैकी सोमवारी सकाळी एक नापास निघाली. एका विशिष्ट लांबीचे पॅकेट संपत असताना नेमक्या त्याच ठोक्याला पलीकडून 'थांब' आले, तर पॅकेटाचा शेवटचा तुकडा माझ्या रांगेत हरवत होता. पॅकेट पोचत होते, पण शेवंतीवाचून. प्रत्येक चाचणीला एक आकडा असतो; तोच आकडा पुन्हा दिला की तीच चाचणी पुन्हा घडते. त्यांनी माझ्यासमोर तो आकडा तीन वेळा दिला आणि तीनही वेळा उजव्या कडेवर तेच रिकामेपण दिसले.

"प्रत्यक्षात असं जुळून यायचं नाही," मी म्हणालो.

"आपल्याकडं एका रविवारात जुळलं, सर."

दुरुस्ती करायची तर रांग मुळापासून पुन्हा रचावी लागली असती. किमान तीन आठवडे. मालकांना आम्ही मोठे साहेब म्हणत असू. ते मुंबईहून दिवसातून चार वेळा फोन करीत आणि प्रत्येक वेळी एकच विचारीत, शुक्रवारी जातंय ना? हे काम वेळेवर गेले नाही तर ग्राहक पुढचे काम देणार नव्हता, आणि पुढचे काम नसेल तर वरचा मजला बंद. मी प्रत्येक वेळी हो म्हणालो. चौथ्या 'हो'नंतर परतीची वाट उरली नाही. निदान तेव्हा मला तसे वाटले.

गुरुवारी त्या जेवायला गेल्या असताना मी त्यांच्या चाचण्यांमध्ये एक ओळ वाढवली. त्या लांबीचे पॅकेट 'थांब'च्या वेळी कधीच सोडू नये, एवढीच ती ओळ होती. चूक जागच्या जागी राहिली; तिच्याकडे जाणारा रस्ता तेवढा मी बुजवला. शुक्रवारी दुपारी सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या. अहवालात सर्वत्र शंभर टक्के.

अहवालाच्या शेवटच्या पानावर चाचणी घेणाऱ्याची सही लागत असे. मी त्यांना केबिनमध्ये बोलावले. त्यांनी ती ओळ आधीच पाहिली होती. मला वाटते, त्यांनी सकाळी आल्या आल्या पाहिली असावी आणि मी आपणहून काही सांगतो का याची दुपारपर्यंत वाट पाहिली असावी.

मी कपाट उघडले. त्यांचे पाकीट काढले. एवढ्यावर थांबलो असतो तरी पुरे होते; पण मी पाकिटात हात घालून वरचा कागद बाहेर काढला आणि अहवालाशेजारी टेबलावर ठेवला. तो त्यांच्या पदवीचा कागद होता.

"सही करा आणि आजच सगळं घेऊन जा, मॅडम. राहिलेल्या महिन्यांचं मी बघतो."

त्यांनी त्या कागदाकडे बराच वेळ पाहिले. खाली प्रेस धपधपत होता आणि प्रत्येक ठोक्याला कागदाची कड किंचित हलत होती.

"ती ओळ तुम्ही घातलीत ना?" त्यांनी विचारले.

"ग्राहकाची पॅकेटं तशी येणारच नाहीत."

"त्यांना विचारलंत?"

मी अहवालाचे शेवटचे पान त्यांच्याकडे सरकवले.

"मग पोचलं असं मी कुणाच्या भरवशावर लिहू, सर?"

मी तेव्हा काय काय बोललो ते लिहिताना आजही लाज वाटते. वीस जणांचा प्रश्न आहे, असे म्हणालो. तुमच्या सोमवारचाही विचार करा, असेही म्हणालो. हे दुसरे वाक्य मी अगदी मऊ आवाजात म्हटले होते. माझा आवाज कधीच चढत नाही. त्यामुळे मी कुणाला धमकावले, असे माझे मलाही पुष्कळ काळ वाटले नव्हते.

त्यांनी हातातल्या पेनाचे टोपण बसवले. घट्ट. "राहू द्या ते कपाटात," त्या म्हणाल्या. "निदान कुठं आहेत, ते मला माहीत असेल."

एवढे बोलून त्या उठल्या, आपल्या जागेवरचा डबा घेतला आणि जिना उतरून गेल्या. परत आल्या नाहीत. माणूस अडकून राहावा म्हणून आम्ही जे ठेवून घेतले होते, तेच मागे सोडून त्या सुटल्या. अडकून मी राहिलो.

सहीच्या जागी मी माझी सही केली. फोन वाजला, मी टेबल आवरले, पाकीट कपाटात टाकले, अहवालाच्या फाइलला दोरी बांधली. संध्याकाळी काम ग्राहकाकडे गेले.

पुढे वर्षभर काही घडले नाही. वर्षाने ग्राहकाकडून निरोप आला की यंत्रे मधूनच गोठतात. सोबत त्यांनी टिपलेल्या नोंदी होत्या. ते पॅकेट किती लांबीचे असणार, हे मला पाहण्याआधीच ठाऊक होते. मोठ्या साहेबांनी विचारले, हे निसटलं कसं? मी म्हणालो, चाचणी घेणाऱ्या मॅडम ऐन वेळी सोडून गेल्या होत्या.

त्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. शब्द खरे ठेवून मी ही ओळही तशीच घातली, पहिल्या ओळीसारखी. रस्ता बुजवला.

त्यानंतर पुण्याच्या एका कंपनीतून त्यांच्याबद्दल विचारणा करणारा फोन आला. त्यांनी तिथे अर्ज केला असावा. मी तेच वाक्य पुन्हा म्हटले. पलीकडचे गृहस्थ मला धन्यवाद म्हणाले. आमच्या धंद्यात माणसे मोजकी, सगळे सगळ्यांना ओळखणारे. एका फोनवर किती दारे लागतात, हे मला माहीत होते.

कपाटाची किल्ली या सगळ्या काळात माझ्याच खिशात होती. पाकीट कोणत्याही दिवशी मखमलाबादला नेऊन देता आले असते. सातपूरहून जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. पण ते द्यायला जायचे म्हणजे त्यांच्यासमोर उभे राहायचे. बाँड मोडला आहे, कागद देऊ नका, असे मोठे साहेब म्हणाले होते. त्या हुकमाआड मी सहा वर्षे लपलो.

शेवटी कंपनी बंद झालीच. जुन्या फाइलींचे गठ्ठे तोवर कधीच रद्दीत गेले होते. कपाट भंगारवाला न्यायला आला तेव्हा आत एकच पाकीट उरले होते. ते मी घरी आणले. दोन आठवडे ते माझ्याच टेबलावर पडून राहिले आणि एका रविवारी सकाळी मी ते घेऊन निघालो.

मळ्याच्या निम्म्या भागात आता रो हाउस झाली होती. उरलेल्या वाफ्यांत त्यांचे धाकटे भाऊ कोबीला पाणी देत होते. मी नाव सांगितल्यावर ते पाणी बंद करायला गेले, परत आले, हात पुसले. ओळखीचा किंवा रागाचा कोणताच भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला नाही.

"ताई इथं नसती आता," ते म्हणाले. "दिंडोरीकडं पॉलीहाऊस घेतलंय तिनं. गुलाब. चांगलं चाललंय."

मी विचारले, महाविद्यालयातल्या नोकरीचे काय झाले?

"कागद नाय म्हणल्यावर काय होणार?" त्यांनी खाली बसता बसता सांगितले. विद्यापीठातून दुसरी प्रत मिळत होती. त्यासाठी मूळ कागद गहाळ झाल्याचे प्रतिज्ञापत्र हवे होते. ओळखीचा वकील होता, मजकूर त्याने टाइप करून ठेवला होता, बसच्या प्रवासात गहाळ वगैरे. सगळे तसेच लिहितात. "ताई तिथंच अडली. म्हणली, गहाळ कुठं झालेत? कपाटात हायेत. मी डोळ्यानं बघितलेत. वकील लय हसला. आम्ही बी लय समजावलं. सही काय केली नाय तिनं."

मी तिथे बांधावर उभा होतो. मला बसा म्हणाले, पण बसवले नाही.

पाकीट त्यांच्या हातात देऊन मी म्हणालो की माझ्याकडून फार उशीर झाला. ते म्हणाले, "पोचवतो."

दहा-बारा दिवसांनी पोस्टाने एक लिफाफा आला. पत्र नव्हते. आत एका जुन्या, घड्यांवर विरलेल्या कागदाची झेरॉक्स होती. रुजू होतानाची ती यादी. खाली माझी सही. प्रत्येक ओळीपुढे आता निळ्या शाईने बरोबरची खूण केलेली होती. दहावी, बारावी, एकेक करून आठ गुणपत्रके. अकराव्या ओळीपुढची जागा कोरी होती.

तळाशी त्यांचे अक्षर होते. "दहा पोचली. अकरावं नाही. आता गहाळ झालं असं लिहिता येईल."

मला आठवायला फार वेळ लागला नाही. तो कागद मीच पाकिटातून बाहेर काढला होता. आमिष म्हणून अहवालाशेजारी ठेवला होता. फोन वाजला, मी टेबल आवरले, आणि तो अहवालाच्या फाइलीत दोरीखाली गेला असला पाहिजे. फाइल रद्दीत गेली होती. पाकीट परत करायला निघतानाही ते उघडून मोजावे, असे माझ्या मनात आले नव्हते.

लिफाफ्यात आणखी एक कागद होता. प्रतिज्ञापत्र, व्यवस्थित टाइप केलेले. त्यात बसचा प्रवास नव्हता. मजकूर असा होता की सदर प्रमाणपत्र अमुक यांच्या ताब्यात असताना गहाळ झाले. 'अमुक'च्या ठिकाणी त्यांनी जागा मोकळी सोडली होती, आणि त्यांच्या सहीखाली आणखी एका सहीपुरती.

मी पेन काढले. माझे पूर्ण नाव लिहिले, खाली सही केली. दुपारी पोस्टात जाऊन ते रजिस्टर केले. खिडकीतल्या बाईंनी पोचपावती जोडायची का विचारले. जोडा, म्हणालो.

ती पोचपावती परत आली नाही. वाटेत हरवली असेल, किंवा सही करून द्यायची राहून गेली असेल. मी नंतर एक पत्र लिहिले, त्यालाही उत्तर आले नाही, आणि ते यावे असा माझा हक्कही नव्हता. त्यांना दुसरी प्रत मिळाली का, त्या पुन्हा कधी वर्गात उभ्या राहिल्या का, हे मला माहीत नाही. दिंडोरी दूर नाही, असे तुम्ही म्हणाल. मखमलाबादही दूर नव्हते.

ती झेरॉक्स माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. पाठवले ते मी पाहिले आहे. पोचले का, हे विचारणारे माणूस माझ्या उजव्या हाताला आता बसत नाही.